चाळीच्या मिनी-डीव्ही कॅसेटी: प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

आषाढीची सुट्टी गाठून मंडळाच्या खोलीतलं कपाट उपसलं. यंदाचा गणपती झाला की गिरगावातली आमची चाळ रिकामी करायची आहे, पुनर्विकासाच्या सह्या झाल्या आहेत. पावतीपुस्तकं, जुन्या मखराचे खांब, झांजा, आणि तळाशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मिनी-डीव्ही कॅसेटी. तीसेक असतील. काहींवर स्केचपेननं लिहिलंय: 'गणपती ०२', 'बालनाट्य', 'मिरवणूक + हळदीकुंकू'. काही कोऱ्या, म्हणजे लेबल कोरं. डब्याशेजारी मंडळाचा हँडीकॅम, चार्जरसकट. चार्जर सापडला हेच नवल.

कमिटीला तासाभराची फिल्म हवी आहे, अंगणात पडदा लावून दाखवायला. मला कॅसेटवर जे आहे ते जसंच्या तसं कम्प्युटरवर हवं आहे. ही दोन कामं आहेत आणि मी ती वेगळीच ठेवणार, हे सेक्रेटरी काकांना आजच सांगून टाकलं. आधी मूळ, मग फिल्म. "तू कर रे तुला हवं तसं, फक्त गणपतीच्या आत कर," म्हणाले.

खजिनदारांच्या मुलानं लगेच पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची यूएसबी कांडी आणून दिली. तिला नम्रपणे नकार. कॅसेटवरचं चित्र आधीच आकड्यांत आहे. डीव्ही हा प्रकारच १९९५ सालचा डिजिटल. पिवळ्या पिनेतून काढलं तर त्या आकड्यांचा आधी ॲनालॉग सिग्नल होणार, मग कांडी त्याचे पुन्हा आकडे करणार आणि वर दाबून लहान करणार. घरात नळ असताना टँकर कशाला मागवायचा. कॅमेऱ्याचं यूएसबी पोर्टही या कामाचं नाही. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यातून मेमरी कार्डवरचे फोटो येतात, नाहीतर वेबकॅमसारखं बारकं चित्र. खरा दरवाजा म्हणजे कडेचं छोटं चार पिनांचं भोक, ज्यावर सोनीनं 'आय-लिंक' लिहिलंय. बाकी जग त्याला फायरवायर म्हणतं.

९ जुलै

ऑफिस सुटल्यावर लॅमिंग्टन रोड. चार पिन ते सहा पिन फायरवायर केबल. पहिल्या दुकानात "साहेब, हे आता कोण वापरतं?", दुसऱ्यात एचडीएमआय पुढे केली, आणि मग एका गाळ्यावरच्या म्हाताऱ्या शेठनं न विचारता खालच्या खणातून गुंडाळी काढली. वर विचारलं, "कॅसेट उतरवताय ना?" त्याला महिन्यातून एखादं तरी असं गिऱ्हाईक येतं म्हणे.

मशीन माझंच जुनं डेस्कटॉप. त्यात पीसीआय स्लॉटचं फायरवायर कार्ड आहे आणि लिनक्स आहे. विंडोज १० वरही जमतं, पण तिथे १३९४ चा (म्हणजे फायरवायरचाच) जुना 'लेगसी' ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. ती कटकट नको होती.

ज्याला हे करायचंय त्याच्यासाठी एक धोक्याची सूचना, कारण कॅमेरा आता दुसरा मिळणार नाही. सहा पिनांच्या बाजूला वीजही असते. ती पिन जुन्या ढिल्या सॉकेटमध्ये उलटी घुसली तर पोर्ट जळतं. दोन्ही बाजू बंद ठेवून केबल लावायची, मग कॅमेरा चालू.

१३ जुलै, रविवार

पहिली कॅसेट. आधी ती पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घेतली. वीस वर्षं एकाच ताणात गुंडाळलेली टेप एकदा मोकळी झालेली बरी. मग प्ले. टेप आत ओढून घेताना कॅमेरा ती कुरकुर, टक, पुन्हा कुरकुर करतो, तो आवाज मी पार विसरलो होतो.

कॅप्चरसाठी डीव्हीग्रॅब. हा प्रोग्राम चित्राला हात लावत नाही, केबलमधून जे बाइट येतात ते फाइलमध्ये ओततो. रेकॉर्डिंग जिथे जिथे थांबलं होतं तिथे फाइल तोडायला सांगता येतं, आणि फाइलच्या नावात चित्रीकरणाची तारीख-वेळ घालायलाही. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, घाई करायची सोय नाही. मध्ये आईनं मिक्सर लावला तेव्हा जीव वरखाली झाला, पण लाइट गेले नाहीत.

आता हिशेब, कारण याच हिशेबावर सगळं काम उभं आहे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत डीव्हीची एक फ्रेम म्हणजे ७२० बाय ५७६ बिंदू, आणि आवाजासकट तिची लांबी नेमकी १,४४,००० बाइट. कमी नाही, जास्त नाही. पडद्यावर नुसता काळोख असो की गुलाल उधळलेला असो, फ्रेम तेवढीच. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे तासाला ९०,०००, म्हणजे १२.९६ जीबी. कच्च्या डीव्ही फाइलच्या साइजला १,४४,००० नं भागलं आणि बाकी शून्य आली नाही, तर कुठेतरी फ्रेम अर्धवट तुटली आहे. साधा भागाकार, कॅलक्युलेटरवर होतो. आजच्या सगळ्या फाइलींची बाकी शून्य. अधलीमधली अख्खी फ्रेमच गळली असेल तर ते भागाकारात कळत नाही. त्यासाठी डीव्हीग्रॅब शेवटी गळालेल्या फ्रेमांचा आकडा देतो, तो बघायचा. तोही शून्य.

१५ जुलै

रोज रात्री जेवणानंतर एक कॅसेट. कॅप्चर चालू असताना त्या मशीनवर दुसरं काही उघडायचं नाही, एवढाच नियम.

२० जुलै, रविवार

कमिटीतल्या एका काकांचा प्रश्न होता की २००६ मध्ये यातल्या काही कॅसेटींच्या डीव्हीडी पैसे देऊन एका स्टुडिओतून करून घेतल्या होत्या, मग आता परत खटाटोप का? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज दोन्ही शेजारी-शेजारी लावून दाखवलं.

एका डीव्हीडीनं उघडायलाच नकार दिला. दुसरी चालली. आरतीचा प्रसंग आहे, ताम्हनात निरांजन, मागे 'शतकाकडे वाटचाल' असा कापडी फलक. कॅसेटवरून आलेल्या फाइलमध्ये फलकाच्या कोपऱ्यातलं पेंटरचं नाव वाचता येतं. डीव्हीडीत तिथे करडा डाग. निरांजन हललं की ज्योतीभोवती चौकोन पडतात. कारण उघड आहे: डीव्हीत चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट मिळतात, आणि दोन तासांचा मजकूर ४.७ जीबीच्या एका तबकडीत कोंबला की चित्र-आवाज मिळून जेमतेम पाच उरतात. स्टुडिओवाल्यानं फसवलं असं नाही. तेव्हा सगळ्यांना डीव्हीडी प्लेअरवर चालणारी वस्तू हवी होती, ती त्यानं दिली. कॅसेटी फेकल्या नाहीत, हे मंडळाचं नशीब.

लाल रंगाबद्दल मात्र कॅसेटचीही बाजू घेता येत नाही. मिरवणुकीतला गुलाल मूळ डीव्हीतही कडेला फिसकटलेला आहे. पालच्या डीव्हीत रंगाची नोंद आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्म्याच तपशिलानं होते. तो दोष कॅमेऱ्यातच झालेला आहे; कितीही काळजीनं उतरवलं तरी तो तसाच उतरणार.

२६ जुलै, शनिवार

आज योगायोग मोठा आहे.

कोऱ्या लेबलची एक कॅसेट लावली. अंगणात पोरं लेझीमचा सराव करतायत, वर निळं प्लास्टिक, पाऊस पडतोय पण बेताचा. कुणीतरी कॅमेऱ्यामागून म्हणतं, "अरे, गाड्या बंद झाल्यात म्हणे." कुणी लक्ष देत नाही. फाइल तयार झाली आणि नावात तारीख आली: २००५, ०७, २६. दुपारी साडेचारच्या सुमाराची.

त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्यात ७३. आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण गिरगावात तो दिवस दुपारपर्यंत असा दिसत होता हे माझ्याही डोक्यातून गेलं होतं. बाबा तेव्हा कुर्ल्याला अडकले होते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत आले. पोरं लेझीम खेळतायत.

ही तारीख पडद्यावर छापलेली नाही. डीव्हीच्या प्रत्येक फ्रेममध्ये चित्र आणि आवाजासोबत एक कप्पा असतो, त्यात चित्रीकरणाची तारीख, वेळ आणि टाइमकोड, म्हणजे टेपवरच्या फ्रेमचा क्रमांक, बसलेला असतो. फ्रेम जशीच्या तशी उचलली तरच तो कप्पा सोबत येतो. एमपी४ केलं, डीव्हीडी केली, की चित्र राहतं आणि कप्पा गळतो. क्वालिटी क्वालिटी म्हणताना लोक नुसत्या चित्राच्या चकाकीबद्दल बोलतात. मला आजपासून विचाराल तर ही तारीखसुद्धा क्वालिटीच आहे.

सगळ्या तारखांवर विसंबता येत नाही, हेही लिहून ठेवतो. कॅमेऱ्याच्या घड्याळाचा सेल मेला की तो परत पहिल्या तारखेपासून मोजायला लागतो. निम्मे हळदीकुंकू समारंभ आमच्याकडे १ जानेवारीलाच झालेले दिसतात.

२७ जुलै

'बालनाट्य' कॅसेट चालेना. चित्रभर चौकोनी ठिगळं, आवाज तुटक. हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, साफ करायची कॅसेट काही सेकंद फिरवली, तरी तेच. टेपवर डाग नाही, सुरकुती नाही.

संशय एलपी, म्हणजे लाँग प्ले मोडचा. तासाच्या टेपवर दीड तास बसवायला कॅमेरा टेप हळू चालवतो आणि पट्ट्या अरुंद लिहितो: नेहमीच्या एसपी मोडमध्ये एका ट्रॅकची रुंदी १० मायक्रॉन, एलपीत ६.६७. इतक्या बारीक रेघा ज्या हेडनं लिहिल्या त्यालाच नीट वाचता येतात, दुसऱ्या कॅमेऱ्याचं हेड केसभर इकडेतिकडे असलं तरी घसरतं. म्हणजे ही कॅसेट मंडळाच्या कॅमेऱ्यावर काढलेलीच नाही. मग कुणाच्या? वहिनी म्हणाली, तेव्हा बालनाट्याचं शूटिंग तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊकाकांनी केलं होतं, स्वतःच्या कॅमेऱ्यावर. भाऊकाका आता डोंबिवलीला.

फोन लावला. "आहे रे कॅमेरा, माळ्यावर आहे. पण चहाला येणार असशील तर देतो."

३० जुलै

डोंबिवली. चहा, मग पोहे, मग बालनाट्यात राक्षस कोण झाला होता त्यावर काका-काकूंचं भांडण. कॅमेरा घेऊन आलो. बॅटरी मेलेली आहे, ॲडॉप्टरवर चालतो.

रात्री 'बालनाट्य' लावलं. एकही ठिगळ नाही. राक्षस कोण, ते काकूच बरोबर सांगत होत्या.

२ ऑगस्ट, शनिवार

आता दुसरा टप्पा: माझ्या डेस्कटॉपवरून एडिटिंग करणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपवर. दुसऱ्या मजल्यावरची, एडिटिंग शिकलेली आहे, मॅक वापरते. सगळे तिला एडिटरबाई म्हणतात, ती चिडते.

इथेच बहुतेकांची क्वालिटी जाते, आणि जाते ती कॉपी करताना नाही. कॉपी केल्यानं व्हिडिओ खराब होत नाही, दहा वेळा केला तरी नाही. खराब होतो तो मधल्या कुणीतरी 'सोयीसाठी' बदलून दिला म्हणून. ती म्हणाली, "दादा, व्हॉट्सॲपवर टाक ना." व्हॉट्सॲप व्हिडिओ म्हणून पाठवलेलं दाबून बारीक करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं जातं, पण मर्यादा २ जीबीची. आमची एक कॅसेट १३ ची. क्लाउडवर चढवायचं तर माझ्या २० मेगाबिटच्या अपलोडला एका कॅसेटला दीड तास, तोही लाइन धड राहिली तर. दोन मजल्यांच्या अंतरासाठी हा वळसा नको.

पेनड्राइव्हवर १३ जीबीची फाइल टाकायला गेलो तर 'फाइल फार मोठी' असा निरोप. ड्राइव्हवर जागा ६४ जीबी. हा फॅट३२ चा जुना नियम, एका फाइलला ४ जीबीच्या वर परवानगी नाही. असा निरोप आला की लोक फाइलच लहान करायला घेतात. फाइल नाही, ड्राइव्ह बदलायचा. एनटीएफएस केला तर मॅक वाचतो पण लिहीत नाही. म्हणून बाहेरची हार्डडिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली, ती विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालते. ती 'इजेक्ट' न करता उपटली तर मात्र नोंदी बिघडू शकतात. एडिटरबाईंना उपटायची सवय आहे, म्हणून हे केबलवरच चिकटपट्टी लावून लिहिलं.

शेवटी खात्री. डेस्कटॉपवर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे आतल्या बाइटांवरून निघणारा ओळखीचा आकडा, काढला, यादी त्याच डिस्कवर ठेवली. मॅकवर कॉपी झाल्यावर तीच यादी ताडून बघितली. एक बिट जरी बदलला तरी चेकसम पार वेगळा येतो, त्यामुळे 'बघायला तर सारखंच दिसतंय' हा प्रश्न उरत नाही. एक फाइल जुळली नाही. डिस्क बदलली नव्हती, केबल बदलली, परत कॉपी केली, जुळली. ती केबल कचऱ्यात.

५ ऑगस्ट

एडिटरबाईंच्या सॉफ्टवेअरला कच्ची डीव्ही फाइल नको, 'मूव्ह' (.mov) प्रकारची हवी. एफएफएमपेग या प्रोग्रामनं फाइलचा बाहेरचा डबा बदलून दिला, आतला माल तोच: कोडेक (चित्र दाबायची पद्धत) 'कॉपी' ठेवायचा, पुन्हा एन्कोड करायचं नाही. तासाची फाइल काही मिनिटांत होते, आणि तेवढ्यात होते यावरूनच कळतं की चित्राला हात लागलेला नाही. तरी आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमांचे एमडी५ (हाही एक चेकसमच) काढून ताडले. जुळले.

तिचा फोन रात्री: "दादा, लेझीम बघ, सगळ्यांच्या हातांना दाते आलेत." इंटरलेस. एका फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, एका क्षणाचं सम ओळींत, दुसऱ्या क्षणाचं विषम ओळींत. हात हलला की कडा विस्कटतात. हा बिघाड नाही, ट्यूबचा टीव्ही असाच दाखवायचा आणि छान दिसायचं. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. तिच्या प्रोजेक्टमध्ये वरचं आधी असं लागलं होतं, म्हणून लेझीम मागेपुढे थरथरतही होतं. सेटिंग बदललं, थरथर गेली. दाते घालवायचे ते फक्त बघायच्या प्रतीत. मूळ फाइलीत दाते तसेच राहू देत.

१० ऑगस्ट

२०११ च्या गणपतीची एसडी कार्डं मिळाली, ती नव्या कॅमेऱ्याची, एव्हीसीएचडी या कार्डावर एचडी व्हिडिओ लिहिणाऱ्या प्रकारातली. कॉपी करायला सोपी आणि म्हणूनच जास्त बिघडलेली. कुणीतरी पूर्वी फक्त 'स्ट्रीम' फोल्डरमधल्या एमटीएस फाइली ओढून घेतल्या होत्या आणि बाकीची 'फालतू' फोल्डरं टाकून दिली होती. कॅमेरा लांब शॉट २ जीबीला तोडून पुढच्या फाइलीत चालू ठेवतो, आणि कुठली फाइल कुठल्या शॉटचा पुढचा भाग हे त्या फालतू फोल्डरांत लिहिलेलं असतं. तोडलेल्या फाइली एडिटिंगमध्ये शेजारी ठेवल्या की सांध्यावर आवाज टचकन तुटतो. सुदैवानं एका कार्डावर मूळ सगळं शाबूत होतं, त्याचं अख्खं 'प्रायव्हेट' फोल्डर उचललं. दुसऱ्याच्या फाइली वेळेनुसार लावून नुसत्या बाइटला बाइट जोडून एक केल्या. सांधा ऐकू येत नाही.

१६ ऑगस्ट

दहीहंडी. काम नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून कोसळतोय. मध्य रेल्वे बंद, ऑफिसनं घरूनच काम करा म्हटलं. घरात भिंतीला हात लावला तर ओला होतो. कॅसेटी सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट डब्यात आहेत.

उरलेल्यांपैकी दोन कॅसेटींच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेला पांढरी पूड दिसते. बुरशी. या कॅमेऱ्यात जाणार नाहीत, कुणी कितीही गळ घातली तरी. बुरशी हेडला लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागणार.

विसर्जनाच्या कॅसेटवर अधूनमधून चौकोन येतात, पण दर वेळी वेगळ्या जागी. म्हणजे टेपवर माहिती आहे, हेड दर वेळी वेगवेगळे तुकडे चुकवतंय. अशा वेळी तीच कॅसेट पुन्हा उतरवायची आणि डीव्हीरेस्क्यूला दोन्ही फाइली द्यायच्या. तो फ्रेमच्या आतले चांगले तुकडे निवडून एक फाइल बनवतो. चौपाटीवरचा तो शॉट, मूर्ती पाटावरून उचलतात तिथला, आता स्वच्छ आहे. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

२४ ऑगस्ट

बघायच्या प्रती तयार. दाते काढून ५० फ्रेम, ७६८ बाय ५७६, एच.२६४ या कोडेकमध्ये. सेकंदाला २५ वर आणलं असतं तर फाइल लहान झाली असती, पण लेझीमची लय गेली असती. कमिटीतून मागणी, "फोरके कर." पडदा मोठा आहे तेवढं पुरे, असं सांगितलं. ज्याला आपला चेहरा यंत्रानं नव्यानं काढलेला बघायचाय त्यानं आपली प्रत घरी न्यावी आणि काय हवं ते करावं. मूळ डिस्कला हात नाही.

३० ऑगस्ट

फिल्म झाली. पावसानं तासभर थांबवलं, मग लावली. २६ जुलैच्या लेझीमला सगळ्यात जास्त टाळ्या. भाऊकाका डोंबिवलीहून आले होते, बालनाट्यात आपण राक्षस नव्हतो हे त्यांनी अखेर मान्य केलं.

२१ सप्टेंबर, रविवार

डिस्का वाटल्या. एक सेक्रेटरी काकांकडे, एक माझ्याकडे, एक डोंबिवलीला. तिन्ही एकाच इमारतीत नकोत म्हणून. प्रत्येकीवर मूळ फाइली, चेकसमची यादी, बघायच्या प्रती वेगळ्या फोल्डरात. दर गणपतीला डिस्क लावून यादी ताडायची, हे मंडळाच्या वहीत लिहवून घेतलं.

दोन्ही कॅमेरे, फायरवायर केबल आणि कार्डासकट ते डेस्कटॉप एकत्र ठेवतोय. गेल्या आठवड्यात आलेल्या मॅकओएस टाहोमध्ये फायरवायरच काढून टाकलंय, त्यामुळे ज्याच्याकडे जुनी मॅक आहे आणि कॅसेटी उतरवायच्या बाकी आहेत त्यानं अपडेटचं बटण दाबू नये.

बुरशीच्या दोन कॅसेटी टेप साफ करणाऱ्या माणसाकडे दिल्या आहेत. त्यानं दिवाळीनंतर फोन करायला सांगितलंय.